एसीमधून पाणी का गळतं? महाड-पोलादपूरच्या दमट हवेत घरी काय तपासाल, मेकॅनिकला कधी बोलवाल?

एसी चालू आहे, खोलीही थंड होतेय. पण इनडोअर युनिटच्या कोपऱ्यातून टप टप पाणी पडतंय, खालची गादी भिजलीय आणि भिंतीवर ओल चढायला लागलीय. महाड, बिरवाडी, पोलादपूर या पट्ट्यात उन्हाळा संपता संपता आणि पावसाच्या पहिल्या आठवड्यांत हा प्रश्न हमखास डोकं वर काढतो.

अशा वेळी घरात पहिला अंदाज बांधला जातो तो ‘गॅस गेला असेल’ असा. त्यामागोमाग मेकॅनिकला फोन, गॅस भरण्याचा खर्च आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तीच टपटप. प्रत्यक्षात घरगुती एसी गळण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण बरंच साधं असतं. पाणी बाहेर नेणारा पाइप तुंबलेला असतो किंवा फिल्टर धुळीनं भरलेला असतो. या दोन्ही गोष्टी घरच्या घरी तपासता येतात.

थोडक्यात

- एसीत पाणी तयार होणं हा बिघाड नाही. ते बाहेर जाण्याऐवजी खोलीत पडणं हा बिघाड आहे.
- पाणी गळताना दिसलं की आधी एसी बंद करा, मग त्याचा एमसीबी खाली करा.
- फिल्टर, ड्रेन पाइप आणि पाइपचं बाहेरचं तोंड या तीन गोष्टी आधी पाहा.
- कॉइलवर बर्फ दिसत असेल आणि फिल्टर साफ करूनही तो पुन्हा धरत असेल, तर मेकॅनिक लागेल.
- गळती कुठे आहे हे न शोधता नुसता गॅस भरून घेऊ नका.

एसीमध्ये पाणी येतं कुठून?

एसीत पाण्याची टाकी नसते. हे पाणी तुमच्या खोलीतल्या हवेतून येतं. फ्रिजमधून काढलेली बाटली टेबलावर ठेवली की तिला बाहेरून घाम फुटतो, तसंच इथे होतं. इनडोअर युनिटमध्ये तांब्या-अ‍ॅल्युमिनियमची थंड कॉइल असते. तिचं तापमान साधारण 8 ते 12 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. खोलीतली दमट हवा तिच्यावरून गेली की हवेतल्या वाफेचे थेंब होतात. ते थेंब कॉइलखालच्या ट्रेमध्ये जमा होतात आणि ड्रेन पाइपमधून उतारानं घराबाहेर जातात.

खरं तर एसीचा जन्मच हवेतलं पाणी काढण्यासाठी झाला. 1902 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेमुळे कागद फुगत होता आणि रंगीत छपाईचे ठसे एकमेकांवर नीट बसत नव्हते. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरनं हवेतला ओलावा आटोक्यात ठेवणारी यंत्रणा तयार केली. आजच्या एसीची सुरुवात तिथून मानली जाते.

म्हणजे बाहेरच्या पाइपमधून पाणी पडणं हे एसी नीट चालल्याचं लक्षण आहे. दमट दिवसांत ते पाणी अचानक बंद झालं, तर उलट सावध व्हायला हवं. ते पाणी आत कुठेतरी साचत असण्याची शक्यता असते.

महाड-पोलादपूरमध्येच एवढं पाणी का?

महाड समुद्रकिनाऱ्यावर नाही, पण समुद्राचा शेजार त्याला सुटलेला नाही. सावित्री नदीतून बाणकोट खाडीच्या भरती-ओहोटीचा परिणाम शहरापर्यंत पोहोचतो. तिन्ही बाजूंना डोंगर, मागे सह्याद्रीची भिंत. पोलादपूर तर आंबेनळी घाटाच्या पायथ्याशीच आहे. खालून येणारी दमट हवा इथे अडते आणि उन्हाळ्यात उकाडा असह्य होतो.

हा फरक आकड्यांत पाहू. बाहेर 36 अंश तापमान आणि 55 टक्के आर्द्रता असेल, तर एक घनमीटर हवेत साधारण 23 ग्रॅम पाण्याची वाफ असते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी 38 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रता असेल, तर तेवढ्याच हवेत जेमतेम 9 ग्रॅम वाफ सापडते. त्यामुळे पुण्यात ज्या एसीच्या पाइपमधून दिवसभरात फार काही पडत नव्हतं, तोच एसी महाडच्या घरी आणून बसवला की बादली भरायला लागते. एसी तोच असतो, हवा बदललेली असते.

दीड टनाचा एसी अशा हवेत तासाला साधारण एक ते दोन लिटर पाणी काढू शकतो. रात्री आठ तास चालला तर बादलीभर पाणी सहज होतं. इतकं पाणी ज्या पाइपमधून जायचं, तो जेमतेम बोटभर जाडीचा असतो. त्यात थोडी जरी अडचण आली, तरी ट्रे भरून पाणी खोलीत यायला वेळ लागत नाही.

पाणी गळतंय, आधी काय करायचं?

अनेक घरांत इनडोअर युनिटच्या अगदी खाली किंवा बाजूला स्टॅबिलायझर आणि प्लग पॉइंट असतो. गळणारं पाणी नेमकं त्यावरच येतं. त्यामुळे गादी वाचवण्याआधी वीज बंद करायला हवी.

1. रिमोटनं एसी बंद करा.
2. मग मीटर बोर्डावरचा एसीचा एमसीबी खाली करा. भिंत, स्विच किंवा स्टॅबिलायझर ओला असेल तर त्याला हात लावू नका, ओल्या हातानं प्लग ओढू नका.
3. खाली बादली किंवा परात ठेवा, गादी आणि सामान बाजूला घ्या.
4. मोबाइलवर फोटो आणि छोटा व्हिडिओ काढा. पाणी युनिटच्या नेमक्या कोणत्या भागातून येतंय, ते त्यात दिसू द्या. मेकॅनिकला आणि गरज पडली तर तक्रारीसाठी हा पुरावा उपयोगी पडतो.
5. कॉइलवर बर्फ असेल तर दोन-तीन तास एसी बंदच ठेवा. बर्फ आपोआप वितळू द्या.

स्विचबोर्डात पाणी गेलं असेल, जळका वास येत असेल किंवा एमसीबी पुन्हा पुन्हा पडत असेल, तर पुढची तपासणी स्वतः करू नका. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

पाणी कधी आणि कुठून पडतं, यावरून काय कळतं?

- एसी सुरू केल्यावर अर्ध्या-एक तासानं आतून टपटप सुरू होते, बाहेरच्या पाइपमधून मात्र थेंबही नाही: ड्रेन पाइप तुंबलाय.
- बाहेरही पाणी पडतंय आणि आतही: पाइप अर्धवट तुंबलाय, युनिट तिरकं बसलंय किंवा ट्रेला तडा गेलाय.
- एसी चालू असताना गारवा कमी, बंद केल्यावर भरपूर पाणी: कॉइलवर बर्फ धरतोय.
- हवा बाहेर येते त्या पट्ट्यांवर दव साचून थेंब पडतात: खोलीत बाहेरची दमट हवा शिरतेय किंवा ब्लोअर घाण झालाय.
- युनिटमधून नाही, तर भिंतीतल्या भोकाजवळून पाणी उतरतंय: कॉपर पाइपवरचं इन्सुलेशन फाटलंय किंवा ड्रेनचा जोड सुटलाय.
- एसी बंद असतानाही पावसात पाणी येतंय: ते एसीचं पाणी नाही. भिंतीतल्या भोकातून पावसाचं पाणी आत येतंय.

हा शेवटचा मुद्दा कोकणात विसरून चालत नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर पाहू.

नेहमीची कारणं आणि त्यावरचे उपाय

1. ड्रेन पाइप तुंबणं

ट्रे सतत ओला असतो. त्यात हवेतली धूळ बसते, त्यावर बुळबुळीत थर धरतो आणि हा थर हळूहळू पाइपच्या तोंडाशी साचतो. महामार्गालगतच्या घरांत धूळ जास्त, त्यामुळे थरही लवकर जमतो.

बाहेरच्या तोंडाचा प्रश्न वेगळा असतो. हिवाळ्यात एसी महिनोन्‌महिने बंद असतो. त्या काळात कुंभारीण माशी पाइपच्या तोंडात मातीचं घर बांधते, कधी मुंग्या किंवा छोटे किडे आत शिरतात. मार्चमध्ये एसी सुरू केला की पहिल्याच रात्री पाणी आत येतं. पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधली तर हा त्रास टळतो. मात्र ती जाळीही अधूनमधून साफ करावी लागते, नाहीतर तिथेच चिखल साचतो.

2. पाइपचा उतार चुकणं

बहुतेक घरगुती एसीत हे पाणी पंपानं नाही, उतारानं जातं. म्हणून दर एक मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार हवा. पाइप मध्येच वर चढत असेल, झोळीसारखा लोंबत असेल किंवा कोपऱ्यात दुमडला असेल, तर पाणी तिथे अडतं.

आणखी एक घरगुती चूक म्हणजे बादलीत सोडलेला पाइप. पाणी वाया जाऊ नये म्हणून पाइप बादलीत सोडतात. बादली भरली की पाइपचं तोंड पाण्याखाली जातं, आतली हवा कोंडते आणि पाणी उलट ट्रेमध्ये साचू लागतं. पाइपचं तोंड बादलीच्या काठाच्या वरच मोकळं राहायला हवं.

3. फिल्टर भरणं

फिल्टरवर धुळीचा जाड थर बसला की कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही. कॉइल शून्याच्या खाली जाते, तिच्यावरच्या थेंबांचा बर्फ होतो. एसी थांबला की हा सगळा बर्फ एकदम वितळतो आणि ट्रेला ते पाणी झेपत नाही.

पोलादपूरच्या गावांमध्ये वळवाच्या पावसात लाइट जाणं नवं नाही. ‘लाइट गेली आणि एसी गळायला लागला’ अशी तक्रार असेल, तर त्यामागे बहुधा हेच असतं. लाइट जाण्याचा गळतीशी थेट संबंध नसतो. आधीच धरलेला बर्फ तेव्हा वितळतो, इतकंच.

4. गॅस कमी होणं

गॅस कमी झाला तरी कॉइलवर बर्फ धरतो. फरक असा, की फिल्टर स्वच्छ करूनही बर्फ परत येतो आणि खोली पूर्वीसारखी थंड होत नाही. बऱ्याचदा बर्फ कॉइलच्या एखाद्याच भागावर किंवा बाहेरच्या बारीक पाइपच्या जोडावर दिसतो. हे काम मेकॅनिकचंच.

5. इनडोअर युनिट तिरकं बसणं

युनिट समतल किंवा ड्रेनच्या बाजूला किंचित झुकलेलं हवं. ते उलट बाजूला झुकलं की ट्रेमधलं पाणी पाइपकडे जातच नाही. गवंड्याची लेव्हल किंवा मोबाइलमधलं लेव्हल अ‍ॅप लावून हे मिनिटभरात कळतं. जांभ्याच्या भिंतीत स्क्रू नीट पकडला नसेल, तर काही महिन्यांनी युनिट एका बाजूनं उतरू शकतं. अशा भिंतीत मागची प्लेट लांब अँकरनं बसवून घ्यावी.

6. कॉपर पाइपचं इन्सुलेशन फाटणं

महाडच्या दमट दिवसांत हवेचा दवबिंदू 25 अंशांच्या आसपास जाऊ शकतो. म्हणजे 25 अंशांपेक्षा थंड असलेल्या कोणत्याही वस्तूवर पाणी जमायला लागतं. मग 10 अंशांचा उघडा कॉपर पाइप तर धो धो घामेजणारच. हे पाणी भिंतीत मुरतं. जांभा सच्छिद्र असल्यानं ओल लांबवर पसरते आणि दोष छताचा की एसीचा, हेच कळत नाही. पाइपवरचा काळा फोम सलग आहे ना, जोडांवर टेप घट्ट आहे ना, हे पाहा. आउटडोअर युनिटकडचा फोम उन्हानं आधी खराब होतो.

7. ट्रेला तडा जाणं

जुन्या एसीत प्लास्टिकचा ट्रे तडकतो. सर्व्हिसिंग करताना ओढाताण झाली तरी तडकू शकतो. एम-सील किंवा टेप लावून तात्पुरतं काम चालतं, पण ट्रे बदलणं हाच पक्का उपाय.

8. दार-खिडकी उघडी राहणं

खोलीत सतत बाहेरची दमट हवा येत राहिली, तर थंड हवेच्या पट्ट्यांवर दव साचतं. कौलारू घरात माळ्यावरून आणि कौलांच्या फटींमधून हवा येत राहते, त्यामुळे तिथे हा त्रास जास्त. एसीच्या खोलीला वरून सीलिंग करून फटी बुजवल्या, तर पाणीही कमी होतं आणि बिलही.

विंडो एसी असेल तर?

विंडो एसी बसवताना तो मागच्या, म्हणजे बाहेरच्या बाजूला किंचित उतरता ठेवतात. तो पुढे झुकला की पाणी खोलीत येतं. अनेक विंडो एसीमध्ये मागचा पंखा तळाशी साचलेलं पाणी उडवून गरम कॉइलवर टाकतो. त्यामुळे मागून छपछप आवाज आला तर तो बिघाड असेलच असं नाही. मागचं ड्रेनचं भोक मात्र मोकळं हवं.

ड्रेन पाइप घरी कसा साफ करायचा?

आउटडोअर भागापर्यंत सहज हात पोहोचत असेल, तरच हे करा. गॅलरीच्या बाहेर वाकून किंवा पावसात शिडी लावून हे काम करू नका.

1. एमसीबी खाली करा. रिमोटनं बंद करणं पुरेसं नाही.
2. पुढचं पॅनेल उघडून फिल्टर काढा. नळाच्या साध्या पाण्यानं धुवा, सावलीत पूर्ण वाळवा.
3. बाहेर पाइपचं तोंड पाहा. माती, जाळं, शेवाळ असेल तर काडीनं हलकेच काढा. टोकदार तार फार आत घालू नका, पाइपला भोक पडतं.
4. ओलं-सुकं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर मिळाला तर तो पाइपच्या बाहेरच्या तोंडाला लावा, सभोवती फडकं गुंडाळून फट बंद करा आणि मिनिटभर ओढा. गाळ बाहेर येतो.
5. व्हॅक्यूम नसेल तर बाहेरचा जोडपाइप सोडवून वेगळा धुवा. अनेकदा गाळ त्यातच असतो.
6. आता बाटली चाचणी करा. अर्धा लिटर पाणी घेऊन कॉइलवर अगदी सावकाश ओता. सर्किट बोर्ड बहुतेक मॉडेलमध्ये समोरून पाहताना उजवीकडे असतो. त्या बाजूला पाणी जाऊ देऊ नका. दुसऱ्या माणसाला बाहेर उभं करा. थोड्या वेळात पाणी सलग बाहेर यायला लागलं तर पाइप मोकळा झाला.
7. सगळं कोरडं झाल्याची खात्री करून मगच एमसीबी वर करा.

हे टाळा

- बाहेरून सायकलच्या पंपानं किंवा कॉम्प्रेसरनं जोरात हवा मारू नका. सगळी घाण उलटी ट्रेमध्ये येते, आतला जोडही निसटतो.
- पाइपमध्ये अ‍ॅसिड किंवा संडास साफ करायचं लिक्विड ओतू नका. अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या खराब होतात.
- व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.
- कॉइलवरचा बर्फ सुरी किंवा स्क्रू ड्रायव्हरनं फोडू नका. कॉइलला भोक पडलं तर खर्च अनेक पटींनी वाढतो.
- खाली बादली ठेवून रात्रभर एसी तसाच चालवू नका. पाणी सर्किट बोर्डापर्यंत गेलं तर बोर्डच बदलावा लागतो.

‘गॅस भरावा लागेल’ असं सांगितलं तर काय विचाराल?

एसीचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद पाइपमध्ये फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून ‘दर वर्षी गॅस भरावा लागतो’ हे म्हणणं बरोबर नाही.

गॅस भरण्याआधी हे प्रश्न विचारा:

- गॅस कमी आहे हे कशावरून? गेजवर प्रेशर दाखवा.
- गळती कुठे आहे? साबणाच्या फेसानं किंवा नायट्रोजनच्या दाबानं तपासली का?
- गळती बुजवल्यावर व्हॅक्यूम करणार का?
- युनिटवरच्या स्टिकरवर लिहिलेला गॅस आणि तुम्ही भरताय तो एकच आहे का? वजन करून भरणार का?
- बिलावर गॅसचा प्रकार, वजन आणि कामाची वॉरंटी लिहून देणार का?

गॅसचा प्रकार विचारण्यामागे सुरक्षेचाही भाग आहे. आजच्या अनेक एसीमध्ये आर-32 हा गॅस असतो. तो सौम्य ज्वलनशील आहे. काही मॉडेलमध्ये आर-290, म्हणजे प्रोपेन असतो. तो स्वयंपाकाच्या गॅससारखाच पेट घेतो. असं काम खिडक्या उघड्या ठेवून आणि प्रशिक्षित मेकॅनिककडूनच करून घ्यावं. गळती शोधायला काडी पेटवणाऱ्याला तिथेच थांबवा.

पावसाळ्यात वेगळी काळजी काय?

महाड-पोलादपूरमध्ये वर्षाला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. वाऱ्याबरोबर येणारी झड थेट भिंतीवर आदळते. भिंतीतलं पाइपचं भोक आतल्या बाजूला उतरतं असेल, तर पावसाचं पाणी पाइपला धरून सरळ खोलीत येतं. भोक बाहेरच्या बाजूला उतरतं हवं. पाइपभोवतीची फट पुटी किंवा सिलिकॉननं बुजवावी. पाइप भोकात शिरण्याआधी त्याला खालच्या बाजूला एक वळसा द्यावा. पाणी त्या वळशाच्या तळाशी गळून पडतं, आत येत नाही.

पागोळ्यांचं पाणी थेट आउटडोअर युनिटवर पडत असेल तर वर छोटा पत्रा लावा. मात्र युनिट चारही बाजूंनी झाकू नका. गरम हवा बाहेर जायला जागा लागते.

पावसाळ्यात तापमान 27-28 अंशांवर आलेलं असतं, पण हवेत वाफ मे महिन्याइतकीच असते. तेव्हा 18 अंशांवर एसी लावून उपयोग होत नाही. ‘ड्राय’ मोड त्यासाठीच असतो. एरवी 24 ते 26 अंश पुरेसे. स्टार लेबल असलेल्या घरगुती एसींचं मूळ सेटिंग 1 जानेवारी 2020 पासून 24 अंश ठेवणं बंधनकारक आहे.

पुराचं पाणी एसीत गेलं तर?

सावित्री आणि गांधारी नद्यांच्या पाण्यानं महाड शहरात पूर येणं नवं नाही. 22 जुलै 2021 च्या महापुरात शहरातली घरं आणि दुकानं पाण्याखाली गेली, ओसरल्यावर सगळीकडे चिखल राहिला. आउटडोअर युनिट जमिनीलगत असेल तर ते सगळ्यात आधी बुडतं.

पूर ओसरल्यावर एसी ‘चालतोय का बघू’ म्हणून सुरू करू नका. वरून कोरडा दिसला तरी वायरिंगमध्ये आणि मोटरमध्ये गाळ असतो. इलेक्ट्रिशियननं अर्थिंग आणि इन्सुलेशन तपासल्याशिवाय एमसीबी वर करू नये. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला असेल तर शॉक लागण्याचा धोका बराच कमी होतो. नवा एसी बसवताना आपल्या आळीत 2021 चं पाणी कुठपर्यंत आलं होतं, ते आठवून आउटडोअर युनिट त्याच्या वरच लावावं.

एसीचं पाणी वापरता येतं का?

पोलादपूर तालुक्याची जुनी व्यथा ही, की पावसाळ्यात धो धो पाऊस आणि एप्रिल-मेमध्ये काही वाड्यांना टँकर. अशा ठिकाणी रोज बादलीभर पाणी सोडून देणं जिवावर येतं.

हे पाणी लादी पुसायला, संडासात, अंगण शिंपायला, झाडांना वापरता येतं. पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी किंवा गुरांना पाजण्यासाठी वापरू नका. ते वाफेपासून बनलेलं असलं तरी धुळीनं आणि जंतूंनी भरलेल्या ट्रेमधून येतं. कॉइलच्या धातूचे अंशही त्यात असू शकतात. त्याच कारणामुळे इन्व्हर्टरच्या बॅटरीत ते घालू नये, तिथे डिस्टिल्ड वॉटरच वापरावं.

बादली दररोज रिकामी करा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठवडाभरात नवे डास तयार होतात. इमारतीत राहत असाल तर पाइप खालच्या मजल्यावरच्या गॅलरीत किंवा जिन्यात ठिबकू देऊ नका. शेजाऱ्यांशी होणाऱ्या भांडणाचं ते अगदी टाळता येण्यासारखं कारण आहे.

नवा एसीच गळत असेल तर?

नवा एसी पहिल्या काही दिवसांतच गळायला लागला, तर दोष बहुधा बसवण्यात असतो. भोकाचा उतार, पाइपचा उतार किंवा युनिटची लेव्हल यांपैकी काहीतरी चुकलेलं असतं. कंपनीच्या टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्या. कंपनीचा माणूस येऊन गेला की जॉबशीटवर त्यानं काय लिहिलंय ते वाचूनच सही करा. ‘काम झालं’ असा ओटीपी काम होण्याआधी देऊ नका, कारण तो दिला की तक्रार बंद होते.

दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे 1915. त्यानंतरचा टप्पा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा. रायगड जिल्ह्याचा आयोग अलिबागला आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मग एसी मुंबईतून घेतलेला असो किंवा ऑनलाइन. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवरूनही दाखल करता येते. बिल, वॉरंटी कार्ड, जॉबशीट आणि सुरुवातीला काढलेले फोटो जपून ठेवा.

वर्षभराचं साधं वेळापत्रक

- फेब्रुवारी-मार्च: एसी सुरू करण्याआधी पाइपचं बाहेरचं तोंड पाहा, बाटली चाचणी करा, सर्व्हिसिंग करून घ्या. मे महिन्यात मेकॅनिक मिळणं कठीण होतं.
- एप्रिल ते जून: दर 15 दिवसांनी फिल्टर धुवा. महामार्गाजवळ किंवा कच्च्या रस्त्यालगत घर असेल तर दर आठवड्याला.
- मेअखेर: भिंतीतलं भोक, फोम आणि आउटडोअर युनिटवरचा पत्रा तपासा.
- जुलै-ऑगस्ट: पाइपमधलं शेवाळ पाहा. पुराचा इशारा असेल तर एसीचा एमसीबी खाली करून ठेवा.
- ऑक्टोबर-नोव्हेंबर: दीर्घकाळ बंद करण्याआधी अर्धा-एक तास फक्त फॅन मोडवर चालवा, आतला ओलावा सुकतो. मग पाइपच्या तोंडाला जाळी बांधा.

गळणाऱ्या एसीचं काम पाइप आणि फिल्टरवर निभावलं, तर ते तासाभराचं आणि जवळपास फुकटातलं असतं. दुर्लक्ष झालं तर तेच पाणी भिंत, बोर्ड आणि वायरिंगपर्यंत पोहोचतं. म्हणून पहिला थेंब दिसला की एमसीबी खाली, मग फिल्टर, मग पाइप. एवढं पाहूनही पाणी थांबलं नाही, तर मेकॅनिकला फोन करा.